चापडा : बाटलीत नसलेला साप

पावसाळा सुरू झाला की आमच्याकडे तीन प्रकारचे रोगी हमखास येतात. पहिले तापाचे, दुसरे जुलाबाचे आणि तिसरे 'काहीतरी चावले' असे सांगत येणारे. पहिल्या दोघांविषयी या सदरात वेळोवेळी लिहून झाले आहे. आज तिसऱ्यांविषयी, आणि त्यातही एकाच सापाविषयी लिहायचे आहे. तो साप म्हणजे चापडा.

सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे नाव नवीन नाही. बांबूच्या बेटात, ओहोळाकाठच्या झुडपात, काजूच्या बागेत तो अधूनमधून दिसतो. पण आपण सापाच्या औषधाविषयी बोलतो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारच असतात. चापड्याला त्या पंक्तीत स्थान नाही. लोकांच्या बोलण्यात नाही, आणि औषधाच्या बाटलीतही नाही. ही दुसरी गोष्ट मला फार उशिरा कळली. ती कशी कळली ते आधी सांगतो.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. श्रावणातली संध्याकाळ होती, पाऊस कोसळत होता. पन्नाशीच्या एका शेतकऱ्याला त्याचा मुलगा आणि दोन शेजारी रिक्षात घालून घेऊन आले. मांडवासाठी बांबू तोडताना उजव्या हाताच्या पंजाला साप चावला होता. दंडाला सुतळी करकचून बांधलेली, चावल्या जागी ब्लेडच्या दोन चिरा आणि हात कोपरापर्यंत फुगलेला. वेदनेने माणूस कळवळत होता. मुलगा म्हणाला, "डॉक्टरांनु, बाबांक चापडो चावलो. आधी सापाचा इंजेक्शन द्या."

सुतळी सोडली, सलाइन लावले. रक्त काचेच्या नळीत घेऊन ठेवले. वीस मिनिटांनी नळी आडवी केली तर रक्त पाण्यासारखे वाहिले. रक्त गोठत नाही म्हणजे फुरसे, हे समीकरण आमच्या डोक्यात पक्के बसलेले. मुलाचे बोलणे मी कानाआड केले. अंधारात, पावसात यांनी काय बघितले असणार, असे मला वाटले. दहा बाटल्या औषध दिले. सहा तासांनी पुन्हा तपासले, रक्त तसेच. पुन्हा दहा बाटल्या सुरू केल्या. त्या चालू असतानाच रोग्याच्या अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या, उलट्या झाल्या, रक्तदाब एकदम खाली गेला. ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन हाताशी तयार होते म्हणून तो वाचला.

नंतरच्या काही दिवसांत त्याचे रक्त हळूहळू आपोआप गोठू लागले. सूज उतरायला बरेच आठवडे लागले. या दरम्यान मी माझ्या एका ज्येष्ठ डॉक्टर स्नेह्यांना फोन केला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "साप कोणता होता?" मी म्हटले, "मुलगा चापडा म्हणत होता." क्षणभर थांबून ते म्हणाले, "मग वीस बाटल्या कशासाठी दिल्यास? त्या बाटलीत चापडा नाहीच."

त्या बाटल्यांचा खर्च त्या कुटुंबाने काजूच्या हंगामात जमवलेल्या पैशांतून केला होता. मुलाने सापाचे नाव मला एकदा नव्हे, दोनदा सांगितले होते. मी ते ऐकले नाही. चूक माझी होती. आज हा लेख लिहिण्यामागे तीच रुखरुख आहे.

चापड्याची ओळख

आपल्याकडे ज्याला चापडा म्हणतात तो मुख्यत्वे मलबारी चापडा. १८५४ साली जर्डन यांनी त्याची शास्त्रीय नोंद केली. हे जर्डन ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतले डॉक्टर होते, हे आमच्या पेशाला अभिमान वाटावा असे आहे. हा साप फक्त पश्चिम घाटात सापडतो, जगात इतरत्र कुठेही नाही. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. असे ओलसर, शेवाळलेले, सदाहरित रान हे त्याचे घर.

त्याचे डोके रुंद आणि त्रिकोणी, मान बारीक. लांबी साधारण हात-दीड हात, क्वचित तीन फुटांच्या वर. रंगाचा मात्र भरवसा नाही. कुणी हिरवा, कुणी तपकिरी, कुणी पिवळा, तर कुणी केशरीसर असतो आणि अंगावर गडद ठिपक्यांची नक्षी असते. त्यामुळे 'चापडा हिरवाच असतो' हा समज काढून टाकावा. तपकिरी चापडा पाहून पुष्कळजण त्याला फुरसे समजतात. याच्याच नात्यातला हिरवा चापडा बांबूच्या बेटांत अधिक आढळतो.

डोळा आणि नाकपुडी यांच्या मध्ये दोन्ही बाजूंना त्याला एकेक खळगा असतो. या खळग्यांनी त्याला उष्णता जाणवते. काळोख्या रात्री उंदीर समोरून गेला तरी त्याच्या अंगाच्या उबेवरून चापड्याला तो 'दिसतो'. बेडूक, पाली-सरडे, उंदीर, लहान पक्षी हे त्याचे खाणे. शिकारीसाठी तो फारसा हिंडत नाही. फांदीला शेपटीचा विळखा घालून किंवा ओहोळाकाठच्या खडकावर वेटोळे करून तो भक्ष्य समोर येण्याची वाट बघत बसतो. रात्री हालचाल, दिवसा विश्रांती. तो अंडी घालत नाही, जिवंत पिल्लांना जन्म देतो. पावसाळ्यात बेडूक वाढतात आणि त्यांच्यामागे चापडेही अधिक दिसू लागतात.

हे सारे आरोग्याच्या सदरात कशासाठी, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर असे की, सापाची राहणी कळली म्हणजे तो कुठे आणि कसा चावेल हे कळते. फुरसे जमिनीवर, कातळावर, दगडाखाली असते. त्याला डिवचले की अंगावरचे खवले एकमेकांवर घासून ते करकर आवाज काढते, म्हणजे निदान सूचना तरी देते. चापडा झाडावर, आपल्या हाताच्या आणि खांद्याच्या उंचीवर बसलेला असतो. तो हलत नाही, बहुधा आवाज करत नाही, पळून जात नाही. आपला हात त्याच्यावर पडेपर्यंत तो तिथे आहे हे कळतच नाही. म्हणून फुरशापासून बूट वाचवतात, पण चापड्यापासून बूट वाचवत नाहीत. तिथे काठी आणि नजर हवी. बांबू तोडण्यापूर्वी, फांदी ओढण्यापूर्वी लांब काठीने दोन-चार वेळा बडवावे. रात्री पाणंदीतून जाताना बॅटरीचा उजेड पायाशी टाकतो तसाच बाजूच्या झुडपांवरही टाकावा. घाटात पाऊस बघायला येणाऱ्या पाहुण्यांनी कठड्यावर, खडकावर किंवा फांदीवर न बघता हात टेकू नये. आणि चापडा दिसलाच तर मोबाईल त्याच्या तोंडाजवळ नेऊन फोटो काढू नये.

बाटलीत असते तरी काय?

सापाचे औषध म्हणजे सर्व सापांवर चालणारे एकच रामबाण, असा आपल्याकडे समज आहे. तो खरा नाही. हे औषध तयार करताना सापाचे विष अगदी अल्प प्रमाणात घोड्याला टोचतात. घोड्याचे शरीर त्या विषाविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करते. मग घोड्याचे रक्त काढून त्यातून ती प्रतिद्रव्ये वेगळी केली जातात आणि बाटलीत भरली जातात. म्हणजे ज्या सापाचे विष घोड्याला टोचले, त्याच सापाच्या विषाचा काट बाटलीत उतरतो. भारतात मिळणाऱ्या औषधासाठी नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांचे विष वापरतात. त्यातले बहुतेक विष तमिळनाडूतील इरुळा जमातीच्या सहकारी संस्थेकडून येते. ही संस्था १९७८ साली स्थापन झाली. चापड्याचे विष या यादीत नाही. एका कुलपाची किल्ली दुसऱ्या कुलपाला लागत नाही, तसे हे आहे.

बरे, चालले नाही तर न चालो, देऊन बघायला काय हरकत, असेही म्हणता येत नाही. घोड्याची प्रथिने माणसाच्या अंगात गेली की पुष्कळांना त्यांची रिॲक्शन येते. कुणाला नुसती थंडी-ताप, कुणाला पित्त, तर कुणाचा जीव धोक्यात येईल इतकी तीव्र. फुरसे किंवा घोणस चावली असेल तर हा धोका पत्करणे योग्यच आहे, कारण औषध दिले नाही तर माणूस दगावतो. चापड्याच्या बाबतीत फायदा जवळजवळ नाही आणि धोका मात्र पुरेपूर आहे.

याहून गंभीर गोष्ट चापड्याच्या एका लहान भावाची. गोव्यापासून दक्षिणेकडे कर्नाटक, केरळ आणि पुढे श्रीलंकेत जमिनीवरच्या पालापाचोळ्यात नाकाचे टोक वर उचललेला एक तपकिरी साप राहतो. इंग्रजी नावावरून त्याला 'हम्प-नोज्ड पिट वायपर' म्हणतात. आकाराने तो जेमतेम हातभर. पूर्वी त्याच्या दंशाने फार काही होत नाही असे समजत. २००७ साली केरळातील डॉक्टरांनी तपशीलवार रोगी नोंदवून दाखवून दिले की, या दंशाने रक्त गोठणे थांबते, मूत्रपिंडे निकामी होतात आणि माणूस मरूही शकतो. त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. या सापाला फुरसे समजून औषध दिले जात होते आणि त्याचा उपयोग होत नव्हता. ते वाचल्यावर मला माझा तो बांबूवाला शेतकरी आठवला.

दंश झाल्यावर काय करावे?

चापड्याच्या दंशाने चावल्या जागी आग होते, झपाट्याने सूज चढते, कधी फोड येतात. काहींमध्ये रक्त गोठण्याची क्रिया बिघडते आणि ती पूर्ववत व्हायला काही दिवस लागतात. मलबारी चापड्याच्या दंशाने मृत्यू अगदी विरळा. पण विरळा आहे म्हणून घरी बसू नये. पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

१) घाबरू नये. चावलेला हात किंवा पाय फळीच्या आधाराने स्थिर ठेवावा. अंगठी, बांगड्या, घड्याळ लगेच काढावे, कारण सूज आल्यावर ते निघत नाही.

२) दोरी बांधू नये, चिरा देऊ नयेत, तोंडाने ओढू नये, बर्फ लावू नये. रक्त गोठत नसताना दिलेली चीर वाहतच राहते, आणि सुजलेल्या हाताला बांधलेली दोरी हातच घालवते.

३) मांत्रिकाकडे वेळ दवडू नये. १०८ ला फोन करून किंवा मिळेल त्या वाहनाने सरकारी रुग्णालय गाठावे.

४) सापाला मारून पिशवीतून आणू नये. मेलेल्या सापाचे डोकेही काही वेळ चावू शकते, आणि सापाला मारणे हा कायद्याने गुन्हा आहे. लांबूनच फोटो मिळाला तर उत्तम. नाही तर रंग, डोक्याचा आकार आणि साप जमिनीवर होता की झाडावर, एवढे नीट लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगावे. माहीत नसेल तर 'माहीत नाही' असे स्पष्ट सांगावे. चुकीचे नाव सांगण्यापेक्षा ते बरे.

५) दुखते म्हणून मनाने ॲस्पिरिन किंवा सुजेच्या गोळ्या घेऊ नयेत. त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो.

६) रुग्णालयात निदान चोवीस तास देखरेखीखाली राहावे. लघवी कमी झाली, लाल झाली, हिरड्यांतून रक्त आले तर लगेच सांगावे.

एक इशारा मात्र देऊन ठेवतो. हा लेख वाचून कुणी 'आमच्या माणसाला चापडाच चावला, औषध देऊ नका' असा हट्ट धरू नये. साप दिसला नसेल, ओळख पक्की नसेल आणि रक्त गोठत नसेल, तर डॉक्टर फुरसे किंवा घोणस समजून औषध देतील. त्यांनी ते द्यायलाच हवे. ओळख पटवण्याचे काम तुमचे आणि डॉक्टरांचे मिळून, निर्णय मात्र डॉक्टरांचा.

तसेच उलटही. डॉक्टर नुसते सलाइन देऊन, हात उंच ठेवून, तासातासाला रक्त तपासत बसले असतील तर 'काहीच करत नाहीत' म्हणून नातेवाइकांनी आरडाओरडा करू नये. चापड्याच्या दंशात लक्ष ठेवून वाट पाहणे हाच उपचार असतो. धनुर्वाताची लस, वेदनेवर सुरक्षित औषध, जखमेची निगा, गरज पडल्यास रक्तातील घटक किंवा डायलिसिस, एवढ्यावर बहुतेक रोगी बरे होतात. 'इंजेक्शन मारले म्हणजे उपचार झाला' ही आपली जुनी खोड इथे महागात पडते.

माझे म्हणणे

आपल्या देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने अंदाजे बारा लाख माणसे मेली, म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पविषबाधेला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतले. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आणि २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे ठरवले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्पदंशाची नोंद सक्तीची करावी असे राज्यांना कळवले. हे सर्व स्वागतार्ह आहे. पण नुसते 'सर्पदंश' एवढेच रजिस्टरात लिहून भागणार नाही. कोणता साप, हा रकाना हवा. तो रकाना कोरा राहतो तोपर्यंत चापड्याचे दंश फुरशाच्या खात्यावर जमा होत राहणार आणि वरच्या कचेरीत 'चापड्याचा त्रास नाही' असेच समजले जाणार.

दुसरे, काचेच्या नळीची तपासणी. दोन मिलिलिटर रक्त, एक स्वच्छ कोरडी काचेची नळी आणि वीस मिनिटे, एवढेच लागते. याला ना वीज लागते ना यंत्र. ही तपासणी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्रीच्या पाळीतही झाली पाहिजे.

तिसरे, औषध. थायलंडमध्ये रेड क्रॉसची क्वीन सावोभा संस्था तिथल्या हिरव्या चापड्यांवर स्वतंत्र प्रतिविष तयार करते. कोस्टा रिका हा आपल्या एखाद्या विभागाएवढा देश, पण तिथली क्लोदोमिरो पिकादो संस्था १९७० पासून आपल्या रानातल्या सापांसाठी औषध बनवते. आपल्याकडे तर मुंबईला हाफकिनसारखी जुनी परंपरा आहे. महाडच्या परिसरात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरून असंख्य प्राण वाचवले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कोकणातल्या रोगावरचा तो उपाय कोकणातल्याच डॉक्टरने शोधला होता. मग पश्चिम घाटातल्या चापड्यांवर औषध का होऊ नये?

यावर कुणी म्हणतील, चापड्याने माणसे मरत नाहीत, मग एवढा खर्च कशाला? त्यांना मी त्या शेतकऱ्याचा हात दाखवीन. तो वाचला, पण पुढच्या लावणीला त्याला गडी लावावे लागले. त्याच्या दोन बोटांची पकड पुन्हा कधी पहिल्यासारखी झाली नाही. मरणाचाच तेवढा हिशेब ठेवायचा असेल तर असे हात कुणाच्याच वहीत येत नाहीत. शिवाय त्या वीस बाटल्या त्याच रात्री फुरसे चावलेल्या एखाद्या पोराला लागल्या असत्या तर? आपल्या ग्रामीण रुग्णालयांत या बाटल्या काही उतू जात नाहीत.

आणि औषध हवे असेल तर साप जिवंत राहिला पाहिजे. ज्याचे विष, त्याच्यावरच उतारा. ब्रिटिश अमदानीत रत्नागिरी जिल्ह्यात फुरसे मारून आणणाऱ्याला बक्षीस मिळे. ढिगांनी फुरशी मारली गेली. फुरसे काही संपले नाही, ते आजही चावतेच आहे. दंशाचा प्रश्न सापाला मारून सुटत नाही, हा धडा आपल्याच मातीत शिकून झालेला आहे. चापडा तर आधीच घाटातल्या ओल्या रानापुरता उरलेला प्राणी. ते रान तुटले तर तो जाईल, पण त्याच्याबरोबर ओहोळही जाईल, आणि मग वेगळे रोगी दवाखान्यात येतील.

तो शेतकरी अजून अधूनमधून भेटतो. मागच्या पावसाळ्यात हसत म्हणाला, "डॉक्टरांनु, आता बांबूक हात लावूच्या आधी काठयेन बडवतंय." मी म्हटले, "आणि मी आता आधी सापाचे नाव विचारतो."

वाचकहो, एवढेच मागणे आहे. तुम्ही काठी वापरा, नाव सांगा. आम्ही डॉक्टर ते ऐकू. आणि बाटलीत चापडाही यावा म्हणून सगळे मिळून सरकारच्या मागे लागू.